आखाड्यावरच्या घरासाठी हिवाळ्याचं जळतन: कधी तोडावं, कसं वाळवावं, किती लागतं?

काळीमाती
परभणी-जिंतूर पट्ट्यात शेतातल्या आखाड्यावर (शेतवस्तीवर) राहतं घर आहे. एक जुनं माळवद (मातीच्या धाब्याचं घर), त्याला लागून पत्र्याच्या दोन खोल्या. माणसं पाच. दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत तीन कामांना जाळ लागतो: सकाळचा बंब, दोन वेळची चूल आणि संध्याकाळची ऊब. ओढ्याकाठी वेडी बाभूळ हवी तेवढी आहे, बांधावर दोन वठलेल्या गावरान बाभळी आहेत, शिवाय तुराट्या (तुरीच्या काड्या) आणि पऱ्हाटी (कपाशीच्या काड्या).
विचारायचं ते असं. लाकूड कधी तोडलं म्हणजे पुढच्या हिवाळ्यात खणखणीत वाळलेलं मिळेल? रचावं कसं? पावसाळ्यात कुठं ठेवावं? आणि शंभर दिवसांना एकूण किती लागतं? अंदाज नको, हिशेब हवा.

बांधावरची_बोर
तोड संक्रांतीनंतर सुरू करा आणि होळीच्या आत उरका. तोडून नुसतं टाकलं तर ते वाळत नाही, हे पहिलं ध्यानात घ्या. साल शाबूत असलेला ओंडका वर्षभर उन्हात पडला तरी पोटात ओलाच राहतो. पाणी बाहेर पडतं ते मुख्यतः कापलेल्या तोंडातून, आडवं सालीतून फारच थोडं. म्हणून लाकूड आखूड कापायचं आणि उभं फोडायचं. चुलीला हातभर, बंबाला वीतभर. मनगटापेक्षा जाड असेल ते फोडायचंच, निदान दोन फाका तरी.
होळीपर्यंत फोडून रचलं की पुढचे अडीच महिने आपल्याला काही करायचं नाही. चैत्र-वैशाखातलं ऊन आणि दुपारचा कोरडा वारा जे काम करतो ते कोकणातल्या माणसाला मिळत नाही. मिरगाच्या आत सगळं छपराखाली गेलं पाहिजे. ७ जूनला मृग लागतो, पण वळवाचे पाऊस मे मध्येच येतात, तेव्हा ताडपत्री आधीपासून हाताशी ठेवा.

गोदाकाठ
बोरताईंशी सहमत. एकच भर: दिवाळीत तोडलेलं लाकूड त्याच हिवाळ्यात जाळायचं मनात आणू नका. थंडीत ऊन कोवळं, दव भरपूर. फोडलेलं असलं तरी दोन महिन्यांत जेमतेम अर्धं वाळतं.

दुधना
फोडणीबद्दल सविस्तर सांगतो, कारण चूक इथंच होते. बाभूळ ओली असतानाच फोडावी. तोडल्यापासून आठ-पंधरा दिवसांत तिच्या फाका सरळ निघतात. एकदा गाभा वाळला की कुऱ्हाड त्याच्यावरून उडते. निलगिरीचंही तेच, वर तिचा धागा पिळाचा, वाळल्यावर तर पाचर आत अडकून बसते.
ओंडका गुडघ्याच्या खाली राहील अशा ठोकळ्यावर उभा करायचा. मधोमध घाव घालू नका. कडेपासून ढलप्या काढत आत जायचं. तोंडावर आधीच बारीक चीर दिसत असेल तर घाव त्या चिरेच्या ओळीत. गाठ असलेला तुकडा बाजूला ठेवायचा, त्याला पाचर आणि घण लागतो. पाचरीचं डोकं घणाच्या माराने पसरतं आणि कडेला पत्र्यासारख्या मिशा येतात. त्यातलाच तुकडा सुटून डोळ्यात जातो. मिशा दिसल्या की ग्राइंडरनं घासून टाका, चष्मा लावा. कुऱ्हाडीचा दांडा हलत असेल तर पाण्यात बुडवून फुगवू नका, वाळला की पुन्हा ढिला पडतो. तुंब्यात (दांडा बसतो त्या भोकात) नवी खुंटी ठोका. दांडा धावड्याचा मिळाला तर सोनं.

माळवद
@दुधना, वेडी बाभूळ तोडायची रीत पण लिहा ना. काट्यांमुळं माणसं हात लावायला तयार नसतात.

दुधना
माळवददादा, ती बाहेरून आत तोडायची, बुंध्यापासून नाही. आधी आकडीनं आणि कोयत्यानं कडेच्या शिऱ्या (काटेरी फांद्या) ओढून एका बाजूला घालायच्या, बुंध्यापर्यंत वाट करायची, मग कुऱ्हाड. चपलेवर जाऊ नका, तिचा काटा चपलेच्या तळातून आरपार जातो, ट्रॅक्टरचं टायरही पंक्चर करतो. जाड तळाचे बूट आणि चामडी हातमोजे. काटा आत मोडला तर त्याच दिवशी काढून घ्या, राहिला तर जागा सुजून पू होतो. शिऱ्या फेकू नका, ओढ्याकडच्या कुंपणाला उत्तम.
जाळायला मात्र ती गुणी आहे. जड, निखारा टिकाऊ, आणि गावरान बाभळीपेक्षा लवकर वाळते.

ढेकूळ
असहमत आहे, म्हणजे जाळण्याबद्दल नाही, ठेवण्याबद्दल. कुऱ्हाडीनं तोडली की बुडख्यातून दहा फुटवे येतात. शेळ्या शेंगा खातात, बी लेंडीतून शेतभर. जेसीबी लावून मुळासकट काढा, बुडखेही जळतनच आहे.

गोदाकाठ
ढेकूळभाऊ, रानात असेल तर मुळासकटच काढावी. पण ओढ्याच्या काठावर मुळं उपटली तर पहिल्या पुरात काठ ढासळतो. तिथं गुडघाभर उंचीवर तोडा, फुटव्यांतले सरळ दोन-तीन राखा, बाकी छाटा. तीन-चार वर्षांत पुन्हा मनगटाएवढं लाकूड येतं. शेंगा धरायच्या आत तोड फिरती ठेवली की बी पसरत नाही. आणि मुळांवर चेनसॉ चालवू नका. मातीत मुरलेली वाळू पाच मिनिटांत साखळीची धार खाते.

पान्हेरी
बाकीच्या झाडांचं काय? छाटणीत निंब, सुबाभूळ, आंबा, शेवगा सगळंच निघतं.

बांधावरची_बोर
पान्हेरीताई, थोडक्यात:
बाभूळ, बोर, चिंच: निखारा बराच वेळ धरतात. ऊब आणि भाकरीसाठी हीच.
सुबाभूळ: हलकी, लवकर वाळते, जाळ चांगला, निखारा कमी. बंबाला ठीक.
निंब: जळतो चांगला, पण धूर कडू. उघड्या जागी वापरा.
आंबा: पूर्ण वाळलेला असेल तरच, नाहीतर धुमसतो.
शेवगा, पांगारा: पोचट. नुसती राख.
वड, पिंपळ, उंबर आपल्याकडं चुलीत घालत नाहीत, घालूही नयेत.
कण्हेर कधीच नाही. तिचा धूरसुद्धा विषारी असतो. बेशरमही नको. रंगवलेलं फर्निचर, प्लायवूड, टायर यांतलं काही शेकोटीतही नको, लेकरं तिथंच बसलेली असतात.

मांजरा
तोडण्याआधी कायदा पाहून घ्या. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ चा आहे. त्याच्या अनुसूचीत साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ, खैर, चंदन, अंजन, हिरडा, ऐन ही झाडं येतात. ती स्वतःच्या बांधावर असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. बाभूळ आणि वेडी बाभूळ त्या यादीत नाहीत. पण ओढ्याचा काठ सातबाऱ्यात तुमचा आहे की सरकारी, हे आधी बघा. गायरान, रस्त्याची कड, कालव्याची हद्द आपली नसते. लाकूड ट्रॅक्टरमध्ये भरून रस्त्यावर काढणार असाल तर वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या. शेतातून आखाड्यावर न्यायचं असेल तर प्रश्नच नाही.

दगडीपाटा
विकत घेणाऱ्यांसाठी एक हिशेब. ताज्या लाकडात वजनाच्या ३५ ते ५० टक्के पाणी असतं. ४५ धरा. क्विंटलभर ओलं घेतलं तर त्यात कोरडा माल ५५ किलो. तेच वाळून १५ टक्क्यांवर आलं की वजन भरतं ६५ किलो. म्हणजे क्विंटलमागे ३५ किलो पाण्याचे पैसे दिले. वाहतूकही पाण्याचीच केली. म्हणून ट्रॉली वजनावर घ्यायची तर वाळलेली घ्या. ओली घ्यायची तर भाव तसा पाडा.
जाळतानाही तेच. ते पाणी आधी उकळून वाफ होऊन जाणार, आणि तेवढा जाळ आपल्या भांड्याला लागणारच नाही.

पान्हेरी
बंबात ओलं लाकूड घातलं की पाण्याआधी डोळ्यांचीच आंघोळ होते! पण वाळलंय हे ओळखायचं कसं? वरून तर आठ दिवसांतच कोरडं दिसतं.

दगडीपाटा
वरून बघूच नका. तीन गोष्टी करा.
दोन फाका एकमेकींवर वाजवा. वाळलेल्या ठण्ण वाजतात, ओल्या ठप्प. मग कापलेलं तोंड बघा. मधून कडेकडे चिरा गेलेल्या असतात, बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या, आणि साल नखानं सुटते. ही झाली वरवरची परीक्षा.
पक्की परीक्षा वजनाची. रचताना वेगवेगळ्या थरांतल्या चार फाका निवडा, खडूनं नव्हे, मार्करनं वजन आणि तारीख लिहा. दर पंधरा दिवसांनी काट्यावर ठेवा. सुरुवातीला वजन झपाट्यानं उतरतं, मग उतार मंदावतो. दोन वेळा लागोपाठ काटा त्याच आकड्यावर थांबला की लाकूड हवेशी बरोबरीला आलं. खर्च शून्य.
मीटर घेतला असेल तर त्याच्या सुया फाकेच्या बाहेरच्या अंगाला टोचू नका. फाक पुन्हा मधून फोडा आणि आतल्या ताज्या अंगाला टोचा. २० च्या खाली आकडा आला की जाळायला चालतं.

माळवद
रचण्याबद्दल. काळ्या मातीवर थेट रचलं तर खालचा थर वाळवी खाते आणि पावसाळ्यात ओल वर चढते. दगडांच्या दोन समांतर रांगा घाला, त्यावर जुने पाइप किंवा अँगल आडवे, जमिनीपासून वीतभर उंच. ओळ एका फाकेएवढीच रुंद ठेवा, म्हणजे दोन्ही तोंडं वाऱ्याला उघडी. दोन ओळी असतील तर मधे हातभर जागा. उन्हाळ्यात आपल्याकडं वारा बहुतेक पश्चिमेचा, तर ओळीचा लांब अंग पश्चिमेला. साल असलेली बाजू वर, टोकांना फाका आडव्या-उभ्या रचून बुरूज करा, म्हणजे ढासळत नाही.
झाकायचं फक्त वरून. दोन पत्रे उताराला टाकून दगड ठेवले की झालं. ताडपत्रीनं सगळीकडून गुंडाळलं तर आतल्या आत घाम सुटतो आणि गणपतीपर्यंत पांढरी बुरशी दिसते.
घराच्या भिंतीला चिकटवून रचू नका. का ते कळेलच.

मांजरा
मी सांगतो का ते. मण्यार, घोणस, विंचू, तिन्ही तिथंच येतात. उंदीर लाकडात, साप उंदरामागं. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश फारसा दुखतही नाही, झोपेत तर कळतच नाही. रास घरापासून १५-२० फूट दूर, आजूबाजूला गवत नाही, खालची वीतभर जागा मोकळी, म्हणजे पलीकडचं दिसतं. लाकूड वरूनच काढायचं, आधी काठीनं ठोकून. अंधारात हात घालायचा नाही, उद्याचं जळतन आज उजेडी आणून ठेवायचं. कुणाला दंश झालाच तर मांत्रिकाकडं वेळ घालवू नका, थेट दवाखाना.
कडब्याच्या गंजीपासूनही रास लांब असू द्या, आणि विजेच्या तारांखाली दोन्हीपैकी काही नको.

ढेकूळ
लाकडाखाली पिवळसर पीठ पडतंय, बारीक भोकं दिसतात. वाळवी म्हणावी तर माती नाही. हे काय?

दुधना
भुंगेरा. बाभळीच्या सालीखालचा पांढरा भाग त्याला आवडतो, गाभ्याला तो सहसा शिवत नाही. साल काढून, फोडून, कडक उन्हात लवकर वाळवलं तर कमी लागतो. लागलेलं लाकूड वेगळं काढा आणि आधी जाळा. जळतनावर औषध फवारू नका, तोच धूर घरात येणार. आणि अशी रास माळवदाच्या तुळयांजवळ ठेवू नका.

सीताफळ
पऱ्हाटीचा विषय कुणी काढलाच नाही. मराठवाड्यात कित्येक घरांचं जळतन तेच आहे. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं जे केलं ते सगळ्यांना माहीत आहे. वेचणी संपल्यावर पऱ्हाटीवर जी किडकी, अर्धवट उमललेली बोंडं राहतात त्यांच्यात अळी सुप्तावस्थेत बसून राहते आणि पावसाळ्याच्या तोंडाला पतंग होऊन बाहेर पडते. बांधावर पऱ्हाटीचे ढीग घालून ठेवणं म्हणजे पुढच्या कापसाची कीड आपणच सांभाळणं. हे मी हात जोडून सांगतो, पऱ्हाटी साठवू नका. कुट्टी करून रानातच गाडा.

पान्हेरी
सीताफळदादा, कीड पटली. पण ज्या घरात बाभूळ नाही, मजूर लावायला पैसे नाहीत, तिथं बायकांनी चुलीत काय घालायचं? मोळी डोक्यावर आणणाऱ्या बाईला पऱ्हाटी हेच घराजवळचं, फुकटचं इंधन आहे.

सीताफळ
ताई, बरोबर आहे तुमचं. मग असं करा. फरदड (वेचणीनंतर तीच कपाशी राखून घेतलेलं जादा पीक) न घेता पऱ्हाटी वेळेत उपटा. ढीग घालण्याआधी काडीवरची सगळी बोंडं झोडून खाली पाडा, कपड्यावर नाहीतर ताडपत्रीवर, आणि ती लगेच जाळून टाका. नुसत्या काडीत अळी राहत नाही, बोंडात राहते. मग तीच पऱ्हाटी आधी जाळायला घ्या, मे अखेर संपवा. हिवाळ्यासाठी राखायच्या तुराट्या आणि लाकूड.

पान्हेरी
हे जमण्यासारखं आहे. धन्यवाद.
तुराट्यांबद्दल एक: शेंगा झोडल्यावर पेंढ्या बांधून उभ्या ठेवा, आडव्या टाकल्या तर तळच्या कुजतात. तुराटी पेटवायला आणि भाकरीला जाळ वाढवायला, ऊब द्यायला नाही. गोवरी उलट: जाळ कमी, धग लांब. हुडवा (गोवऱ्यांची रचलेली रास) पावसाच्या आत लिंपून घ्यायचा. चुलीत मागं बाभळीची फाक, पुढं तुराटी, कडेला गोवरीचा तुकडा, असा मेळ बसवला की वैलावरचं (चुलीच्या जोडतोंडावरचं) वरणही शिजतं.

गोदाकाठ
ऊब हा मूळ प्रश्न होता, तिकडं येऊ. माळवदात भिंती दोन-अडीच फुटांच्या, संध्याकाळी चुलीनं तापलेली माती पहाटेपर्यंत ऊब सोडते. सानं (छतातलं धुराचं भोक) मात्र उघडं असू द्या, पावसाळ्यात झाकतो तसं थंडीत बुजवू नका, धूर तिथूनच जातो.
पत्र्याच्या खोल्या अवघड. पत्रा जेवढ्या लवकर तापतो तेवढ्याच लवकर गार पडतो. तिथं लाकूड जाळून पुरणार नाही. आधी पत्र्याखाली बांबूचे तट्टे किंवा छत करा, भिंत आणि पत्रा यांच्यातल्या वाऱ्याच्या फटी पोत्यांनी बुजवा. एक झरोका मोकळा ठेवा.

मांजरा
आणि निखाऱ्यांची शेगडी आत घेऊन दार लावून झोपायचं नाही. धूर दिसत नाही म्हणून माणसं फसतात. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही. दरवर्षी थंडीत या कारणानं माणसं झोपेतच जातात. शेगडी संध्याकाळी, दार किलकिलं ठेवून, आणि अंथरुणाला पाठ टेकायच्या आधी बाहेर.

काळीमाती
पत्र्याच्या खोलीत धुराडं असलेली लोखंडी शेगडी बसवली तर?

दुधना
चालेल, पण पाइप नीट करा. काळा लोखंडी पाइप घ्या, जस्ताचा मुलामा असलेला नको, शेगडीजवळ तो फार तापला की जस्ताचा धूर सुटतो. पत्र्यातून बाहेर काढताना आजूबाजूला लाकडी वासा, तट्टा, पोतं किमान दीड फूट लांब. पाइप छपराच्या माथ्याहून दोन फूट वर, टोकाला टोपी. जुन्या पिंपाची शेगडी केली तर आतबाहेरचा रंग आधी उघड्यावर दोन-तीनदा जाळून काढा. कोणत्या तेलाचं, औषधाचं पिंप होतं ते माहीत नसेल तर घेऊच नका. ओलं लाकूड घातलं तर पाइपात डांबरासारखी काजळी धरते आणि एखाद्या दिवशी तीच पेट घेते. महिन्यातून एकदा पाइप काढून झाडा. बंबाच्या नळकांड्यालाही हाच नियम.

ढेकूळ
एवढ्या खटाटोपापेक्षा छतावर सोलर लावा.

दगडीपाटा
आंघोळीच्या पाण्यापुरतं सोलर चांगलंच आहे, पैसे असतील तर जरूर लावा. खोलीची ऊब आणि भाकरी मात्र त्यातून येत नाही.
काळीमाती, तुमचा हिशेब मांडतो.
बंब: पाच जणांना १०० लिटर. छतावरच्या टाकीतलं पाणी पहाटे १५ अंश धरलं आणि आंघोळीला ४० हवं, तर २५ अंश वाढवायचे, म्हणजे २५०० किलोकॅलरी. वाळलेल्या लाकडाच्या किलोतून साधारण ३५०० मिळतात, त्यातल्या ३० टक्के पाण्याला लागल्या तर हजारभर. म्हणजे अडीच किलो. बंबाचं धातू तापणं वगैरे धरून ३ किलो.
चूल: दोन वेळची, पाच माणसं, ५ किलो.
संध्याकाळची ऊब: तीन तास, ७ किलो.
दिवसाला १५, शंभर दिवसांना १५ क्विंटल वाळलेलं. त्यासाठी ओली तोड २३ क्विंटल. रचल्यावर साधारण सव्वा ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट) जागा: ४ फूट उंच, दीड फूट रुंद आणि २१ फूट लांब एक ओळ. थंडीची लाट लांबली तर म्हणून आणखी ३ फूट.

गोदाकाठ
दगडीपाटा, यात एक बचत राहिली. टाकीतलं पाणी गारठलेलं असतं, पण बोअरचं पाणी थंडीतही २५ अंशांच्या आसपास येतं. पहाटे लाईट असेल तर मोटार चालू करून बंब थेट बोअरच्या पाण्यानं भरा. २५ ऐवजी १५ अंशच वाढवायचे. बंबाचं जळतन ३ वरून २ किलोच्या आत.

काळीमाती
हे डोक्यात आलंच नव्हतं. मग ठरलं असं: बोअरच्या पाण्यानं बंब धरून १४ क्विंटल वाळलेलं. दोन्ही वठलेल्या बाभळी आणि ओढ्याकाठच्या वेड्या बाभळीतलं मनगटाच्या वरचं, संक्रांतीनंतर तोड, होळीच्या आत फोडून दगडांवर रचणं, चार फाकांवर मार्करनं वजन. सातबारा बघितला, काठ आपलाच आहे. वठलेल्या बाभळी आधीच वाळलेल्या धरायच्या का?

बांधावरची_बोर
नाही. उभं वठलेलं झाड फांद्यांत वाळतं, बुंध्यात ओल राहते, आणि साल सुटली असेल तर तिच्याखाली वाळवी. फांद्या याच हिवाळ्यात घ्या, बुंधा फोडून उन्हाळा दाखवा. तोडण्याआधी ढोलीत पोपट-घुबडाचं घरटं नाही ना ते बघा. असेल तर एक बाभूळ तशीच उभी राहू द्या, तेवढं जळतन तुराट्यांत निघेल.